पितळी माप आणि पाच मासे दारू

जळगावच्या सराफ बाजारात खसखस मोजायला जाणारा बहुधा मीच पहिला. ओळखीच्या शेठनी आधी माझ्याकडे बघितलं, मग पुडीकडे, मग माझ्या हातातल्या पितळी नळीकडे. म्हणाले, "भाऊसाहेब, सोनं परवडेना म्हणून आता हे सुरू केलं का?" मी म्हटलं, तुमचा काटा मिलिग्रॅमपर्यंत दाखवतो आणि मला एका मापाची परीक्षा घ्यायची आहे. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं, त्यांनी काटा पुढे सरकवला.

ती नळी म्हणजे ठासणीच्या, म्हणजे तोंडाकडून दारू-गोळी ठासून भरायच्या बंदुकीत दारू घालायचं माप. वीतभरापेक्षा लहान, अंगठ्याएवढी जाड. आत खालीवर सरकणारी दांडी, दांडीवर दहापासून एकशेवीसपर्यंत रेघा, दांडी पकडून ठेवायला बाजूला एक स्क्रू आणि डोक्यावर बाजूला फिरणारं इवलंसं नरसाळं. भाच्याने अमेरिकेत पंचवीस डॉलरला घेऊन दिलं. तीन महिने मी ते तिकडे वापरलं, मग दोन हंगाम इकडे शेतावर. कंपनीचं नाव लिहीत नाही. एक तर तक्रारी आहेत, आणि दुसरं म्हणजे असली मापं बऱ्याच कंपन्या काढतात, बघायला सगळी एका आईची लेकरं.

माझ्याबद्दल एवढंच सांगतो की वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत अडतीस वर्षं तपासणी विभागात काढली. फॅक्टरी १९६४ ची, मी १९८० मध्ये लागलो. वस्तू गेजमध्ये बसली तर पास, नाही बसली तर नापास. 'चालून जाईल' हा शब्द आम्हाला शिकवलाच नाही. गाव सावद्याच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी. पाच एकर केळी, थोडा मका. आजोबांची, म्हणजे आबांची, ठासणीची बंदूक पीक संरक्षणाच्या लायसन्सवर आधी वडिलांकडे आणि आता माझ्याकडे आली. नळी आतून गुळगुळीत, बारा बोअर (बोअर म्हणजे नळीच्या भोकाचं माप), ठिणगी देणाऱ्या छोट्या टोपीवर उडणारी. गळ्यात माळ असलेल्या माणसाच्या घरात बंदूक कशाला, असं पाहुणे विचारतात. केळीच्या बागेत रात्री रानडुकरं उतरतात म्हणून. एवढंच.

मागच्या ते मागच्या दिवाळीनंतर आम्ही दोघं भाच्याकडे गेलो, पेनसिल्व्हेनियात. हा पोरगा भुसावळला असताना उंदीर मारायला घाबरायचा. तिकडे जाऊन बघतो तर भिंतीवर पॉइंट फिफ्टीची, म्हणजे अर्धा इंच भोकाची, गारगोटीची बंदूक! म्हणजे चापाबरोबर गारगोटी पोलादावर आपटते, ठिणग्या छोट्या वाटीतल्या बारीक दारूवर पडतात आणि तिथून आग आत जाते. मी म्हटलं, अरे लायसन्स? तर म्हणे मामा, असली तोंडाकडून भरायची जुन्या धर्तीची बंदूक इथल्या केंद्र सरकारच्या कायद्यात 'फायरआर्म' धरतच नाहीत. माझ्या आबांची बंदूक दर निवडणुकीला पोलीस ठाण्यात जमा होते, पावती घेऊन परत येते. मी नुसती मान डोलावली.

त्या राज्यात १९७४ पासून हरणाचा एक खास मोसम आहे, नाताळच्या दुसऱ्या दिवशी सुरू होणारा आणि फक्त गारगोटीच्या बंदुकीवाल्यांचा. भाच्याला त्याची तयारी करायची होती. त्याच्या बंदुकीत तो शंभर ग्रेन दारू भरायचा. का? तर दुकानातल्या पोराने सांगितलं, हरणाला जोर लागतो. पन्नास यार्डांवर कागद लावला, पाच गोळ्या मारल्या. पाचही कागदावर होत्या खऱ्या, पण जेवणाचं ताट ठेवलं तर दोन ताटाबाहेर राहिल्या असत्या. मी विचारलं, तू मोजतोस कशाने? त्याच्याकडे एक जुनं माप होतं, नरसाळं तुटलेलं. तो ते भरायचा आणि बोटाने वरची दारू पुसून टाकायचा. बोट कधी खोल, कधी वर. त्याच संध्याकाळी त्याने हे नवीन माप मागवलं, माझ्यासाठी.

इथे थोडं ग्रेनचं सांगावं लागेल, कारण यात भलेभले गडबडतात. ग्रेन म्हणजे दाणा नव्हे, ते वजन आहे. सात हजार ग्रेनचा एक पौंड. एका ग्रॅममध्ये साडेपंधराला थोडे कमी. दाण्याचा आकार ही वेगळी भानगड, ती 'एफ' अक्षराने सांगतात. टू-एफ जाड, थ्री-एफ बारीक, फोर-एफ अगदी रव्यासारखी. फोर-एफ गारगोटीच्या वाटीपुरती, नळीत नाही. जितके एफ जास्त तितका दाणा लहान, तितकी लवकर जळते आणि तितका दाब चढतो. म्हणून टू-एफवरून थ्री-एफवर गेलात तर माप दहा-पंधरा टक्के खाली आणायचं. पॉइंट फोर्टीफाईव्ह आणि त्याखालच्या बोअरला साधारण थ्री-एफ, पन्नास आणि वरच्याला टू-एफ, असा तिकडे रिवाज. भाचा टू-एफ वापरत होता, ते बरोबर होतं.

आणि ही मापं वजनाची नाहीतच, आकारमानाची आहेत. काळी दारू जवळजवळ पाण्याइतकीच जड भरते, त्या हिशोबाने रेघा मारलेल्या असतात. म्हणजे सत्तरच्या रेघेवर सत्तर ग्रेन काळी दारू यावी. पण तिकडे काळ्या दारूला पर्याय म्हणून दुसऱ्या भुकट्या मिळतात. त्यातली पायरोडेक्स १९७६ मध्ये आली, ती काळीपेक्षा बरीच हलकी. तिचं माप या नळीनेच घ्यायचं, 'सत्तर' म्हणजे रेघ सत्तर. कोणी शहाणा तराजूवर सत्तर ग्रेन पायरोडेक्स तोलून घालेल तर तो नळीत सत्तरपेक्षा बरंच जास्त कोंबतोय. ट्रिपल सेव्हन नावाची आहे ती आकारमानालाही जास्त जोरदार, तिचं माप मुळातच कमी करावं लागतं. गारगोटीला मात्र या पर्यायी दारवा नीट पेट घेत नाहीत, ठिणगीवर खरी काळीच लागते. आणि बिनधुराची पावडर, म्हणजे आजच्या काडतुसात असते ती, ठासणीत चिमूटभरही नाही. अडतीस वर्षं मी त्या पावडरीच्या शेजारी नोकरी केली. जुन्या नळीत ती घालणं म्हणजे नळी फोडायला घेणं.

तर, रेंजवर बसलो. नोव्हेंबर, हात गारठलेले, सौ. गाडीत हीटर लावून हरिपाठ म्हणतेय. मी भाच्याला सांगितलं, आता माझ्या पद्धतीने. बोअर पॉइंट फिफ्टी म्हणून सुरुवात पन्नास ग्रेनपासून, मग पाच-पाचने वर. प्रत्येक मापाला पाच गोळ्या, प्रत्येक मापाला वेगळा कागद, कागदावर पेन्सिलीने माप आणि वेळ. गोळी तीच, शिशाची, पॉइंट चार नऊ शून्य इंच. गोळीखाली ठेवायची कापडाची चकती तीच. दोन बारांच्या मध्ये एक ओला बोळा आणि एक कोरडा बोळा नळीतून फिरवायचाच, कंटाळा आला तरी. काळी दारू जळाली की अर्ध्याहून जास्त मालाचा वायू होतच नाही, त्यातला काही धुराबरोबर बाहेर जातो आणि बाकीचा काजळीचा गाळ म्हणून मागे राहतो. तो न पुसता पाचवी गोळी ठासली तर ती पहिलीसारखी बसणारच नाही, आणि मग दोष दारूला द्यायचा की गाळाला? गोळी ठासायच्या गजावर मी प्रत्येक मापाची वेगळी खूण केली. गोळी दारूवर टेकली की खूण नळीच्या तोंडाशी आली पाहिजे. खूण वर राहिली तर गोळी अधेमधे अडकली आहे. दारू आणि गोळीच्या मध्ये पोकळी राहणं या खेळात सगळ्यात वाईट, नळी फुगते किंवा फाटते.

या मापाची पहिली चांगली गोष्ट तिथे कळली. दारू कुप्पीतून सरळ नळीत कधीच ओतायची नसते. आधीच्या बाराचा निखारा आत जिवंत असेल तर ज्वाला उलटी कुप्पीत शिरते आणि हातात बॉम्ब. मधे माप हवंच. पेटलंच तर मापाएवढंच पेटेल. जुन्या मापात भाचा आळस करायचा, कारण तोंड रुंद, अर्धी दारू जमिनीवर. याच्या नरसाळ्यातून एक दाणा सांडत नाही. शीग भरायची, तीनदा टकटक करायचं, नरसाळं फिरवलं की त्याच्या कडेनेच वरची शीग कापली जाते. बोटाचा प्रश्नच मिटला.

आता निकाल. पन्नासला पाचही गोळ्या माझ्या पंज्यात मावतील एवढ्या. साठला त्याहून बऱ्या. पासष्ट आणि सत्तरला कमाल झाली. सत्तरच्या पाच गोळ्या चहाच्या बशीखाली झाकल्या गेल्या, दोन तर एकमेकींच्या भोकात. पंचाहत्तरला जरा पसरल्या, ऐंशीला चार ठीक आणि एक पार उंडारलेली, नव्वदला परत ताट. भाचा म्हणाला, "मामा, पण शंभरला जोर जास्त असेल ना?" जोर थोडा जास्त असतो, पण नळीच्या लांबीत जेवढी दारू जळते तेवढीच कामाची. त्यापुढची जादा दारू खांद्याला धक्का देते, धूर करते, पैसे खाते. गोल गोळी हवेत तसाही वेग फार लवकर टाकते. सुटताना दिलेला जादा वेग पन्नास-पाऊणशे यार्डांवर पोचेपर्यंत बराचसा गळून गेलेला असतो. आणि हरणाला वेगाने काय करायचं, गोळी काळजाच्या जागी लागली पाहिजे. जो माणूस ताटाएवढ्या घोळात मारतो त्याने जनावर जखमी करून सोडायचा मक्ता घेतला आहे, हे मी त्याला स्पष्ट सांगितलं. माळ घातलेल्या मामाने शिकारीवर प्रवचन दिलं, हे त्याने पुढे महिनाभर सगळ्यांना सांगितलं.

त्या ऐंशीच्या उंडारलेल्या गोळीने मात्र माझी झोप घालवली. पुसणं तेच, चकती तीच, खूण बरोबर. मग एकच का? दुसऱ्या दिवशी चहा पिताना माप परत ऐंशीवर लावून टकटक केली तर दांडी ऐंशीवर राहिली नव्हती. ऐंशी आणि पंच्याऐंशीच्या मधे कुठेतरी होती. स्क्रू मी घट्ट केला होता, पण प्रत्येक टकटकीला दांडी केसभर खाली सरकत होती. खाली सरकली म्हणजे पोकळी वाढली, म्हणजे प्रत्येक बाराला दारू किंचित जास्त. चुकायचंच तर मापाने कमीकडे चुकावं. हे जास्तीकडे चुकतं, आणि तेही गुपचूप. फॅक्टरीत असतो तर लाल चिठ्ठी लावून अख्खी लॉट बाजूला ठेवली असती.

तपासणीवाल्याला एक दोष सापडला की तो दुसरा शोधायला लागतो. माझ्या मापातलं 'सत्तर' भाच्याच्या जुन्या मापात ओतलं तर ते सत्तरपर्यंत पोचेना, तीन-चार ग्रेन खाली राहिलं. दोघांतलं खोटं कोण? तिथे काटा नव्हता. म्हणून इथे आल्यावर सराफ बाजार. येताना माप गरम पाण्यात साबणाने तीनदा धुतलं, तरी विमानतळावर बॅग स्कॅनरमधून जाईपर्यंत माझे कान गरम झाले होते. नाही लागलं काही.

सोनाराच्या दुकानात दारू कोण नेणार? तिथे शेगडी पेटलेली असते. म्हणून खसखस. दाणा बारीक, गोल, घरंगळणारा, दारूची नक्कल करायला याहून चांगलं धान्य नाही. राळा चालला असता, पण हल्ली मिळतो कुठे. आणि रेघ खरी की खोटी हे बघायला पाणी. दांडीच्या फटीतून पाणी झिरपू नये म्हणून घरूनच तूप लावून नेलं होतं. शेठ म्हणाले, "देवाला दाखवलं का?"

सत्तरच्या रेघेला ४.५४ ग्रॅम पाणी यायला हवं. आलं ४.३० ग्रॅम. तीनदा केलं, तीनदा तेच. म्हणजे माझं सत्तर हे प्रत्यक्षात छासष्टच्या आसपास. भाच्याचं जुनं तुटकं माप खरं बोलत होतं. मग खसखस. जशी आली तशी भरली तर दहा वेळांत २.५२ पासून २.७१ ग्रॅमपर्यंत झोके. तीनदा टकटक करून, नरसाळं एकाच दिशेने फिरवून भरली तर पहिल्या सहा-सात वेळा २.६३ ते २.६७, छान एका ओळीत. आणि मग आठव्यापासून आकडा चढायला लागला, दहावा २.७४. दांडी बघितली. अर्थात सरकलेली.

मग मी खिशातून दुसरी नळी काढली. आबांची. बांबूची, सातपुड्यातल्या बांबूचं एक पेर, खाली गाठ तशीच ठेवलेली, वरची कड घासून सपाट केलेली, हाताच्या तेलाने काळी पडलेली. डोंगरातल्या एका पावरा आदिवासीने आबांना करून दिली होती असं वडील सांगायचे. आबा म्हणत, "पाच मासे दारू, त्याच्या वर नाई. जास्त भरशीन तं आवाज व्हईन, काम नाई व्हनार." मी लहानपणापासून 'पाच मासे' ऐकलं आणि ती म्हाताऱ्यांची बोलायची रीत समजलो. त्या नळीत पाणी भरून काट्यावर टाकलं. ४.८८ ग्रॅम.

शेठ गप्प झाले. ते जुने सराफ, त्यांना हिशोब तोंडपाठ. हल्ली दुकानात तोळा म्हणजे दहा ग्रॅम धरतात, पण जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा. त्याचे बारा मासे. पाच मासे म्हणजे ४.८६ ग्रॅम! आणि इंग्रजांनी ठरवलेला तोळा बरोबर एकशेऐंशी ग्रेनचा, म्हणून एक मासा म्हणजे पंधरा ग्रेन आणि पाच मासे म्हणजे पंचाहत्तर. बारा बोअरच्या गुळगुळीत नळीला आजही पुस्तकातलं मधलं माप साधारण तेवढंच असतं. आबांनी पुस्तक बघितलं नव्हतं. खसखशीलाही बांबूने लाज राखली, दहा वेळांत २.९६ ते २.९९. त्याला सरकायला दांडीच नाही.

खसखस परत आणली तर सौ.ने डब्यात घेतली नाही. "तुमच्या दारूच्या भांड्यातली खसखस अनारशाले लावू का मी?" चिमण्यांना घातली. खसखशीचा भाव बघता हा या परीक्षणातला सगळ्यात मोठा खर्च.

शेतावर हे माप कसं वागलं तेही सांगतो, कारण इथल्या वाचकाला तेच कामाचं. आपल्याकडे शिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंद. रानडुकराचं कितीही नुकसान असलं तरी वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय त्याच्यावर गोळी नाही. आमच्याकडे बंदूक चालते ती नुसत्या आवाजासाठी, छर्रे-गोळी काही न घालता. अशा पोकळ बाराला पाच मासे दारू म्हणजे उधळपट्टी. या पितळी मापाचा फायदा इथे खरा झाला. रेघ खाली आणत आणत बघितलं, चाळीसला घट्ट बोळा ठासला तरी आवाज बांधापलीकडे जातो, डुकरं उठतात. लायसन्सच्या पुस्तकावर नोंद करून मिळणारी दारू मोजकीच, ती जवळपास दुप्पट दिवस पुरली. दुकानदाराला मी विचारलं, दाणा कुठला, टू-एफ की थ्री-एफ? तो म्हणाला, "बंदुकीची आहे." म्हणून मीच खालून सुरुवात करून वर गेलो. दारूची जात माहीत नसेल तर दुसरा मार्ग नाही.

बोळा कागदाचा घालू नका. पहिल्या हंगामात मी वर्तमानपत्राचा घातला, तो पेटता बाहेर पडला आणि शेजाऱ्याच्या मक्याच्या धाटांत जाऊन बसला. आमच्याकडे एप्रिलमध्ये ऊन चव्वेचाळीसला टेकतं, धाटं म्हणजे बारूदच. धूर दिसला म्हणून पळालो, दोन बादल्यांत विझलं. शेजारी म्हणाला, "डुक्कर परवडलं भो, पण तुम्ही नका येऊ." तेव्हापासून ओलसर केलेला काथ्या, आणि बार नांगरलेल्या मोकळ्या रानाकडे तोंड करून, माणूस-गुरं नाहीत याची खात्री करून. डुकरं तशी शहाणी. चार रात्री पळाली, पाचव्या रात्री नुसती मान वर करून बघितली आणि पुन्हा मुळं उकरायला लागली. आता मी दिवसाआड आणि वेळ बदलून करतो.

उन्हाचा आणखी एक परिणाम. पेनसिल्व्हेनियाच्या ओलसर थंडीत नळीतला गाळ मऊ राहायचा, इथे तो वैशाखात विटेसारखा कडक होतो. तिसऱ्या बाराला गज आत जाईना. तिकडे जे दोन बोळ्यांत व्हायचं त्याला इथे ओले तीन लागतात. पावसाळ्यात उलट, हाच गाळ हवेतलं पाणी ओढतो आणि एका रात्रीत नळी गंजते. म्हणून त्याच संध्याकाळी गरम पाणी, कोरडं फडकं, तेल. मापाचंही तसंच. पितळ हिरवं पडतं, खास करून दांडीच्या खाचेत. चिंचेचा कोळ आणि जुना टूथब्रश पुरतो. रेघा उथळ कोरलेल्या आहेत, घासून घासून माझी तीसची रेघ दिसेनाशी झाली आहे. माझ्या चष्म्याला तशीही कंदिलाच्या उजेडात दिसत नव्हती. बरं, कंदील कसला, दारू हाताळताना बॅटरीच. विडी ओढणारा सालदार दहा पावलं लांब उभा राहील, हा आमच्याकडचा नियम.

मग घ्यावं का? ज्याला आपल्या बंदुकीचं माप अजून सापडलेलं नाही त्याने जरूर घ्यावं. दहापासून एकशेवीसपर्यंत पाच-पाचने चढत जायला याच्यासारखं साधन नाही, आणि नरसाळ्याला तर पैकीच्या पैकी. स्क्रूला दहापैकी तीन. मी त्याच्याखाली फायबरचा वॉशर घातला, तेव्हापासून सरकणं बरंच कमी झालं, तरी दर बाराआधी रेघ बघायची सवय मी सोडलेली नाही. रेघांवर आंधळा विश्वास नको. तुमचं सत्तर आणि दुसऱ्याचं सत्तर एक असेलच असं नाही, म्हणून कोणी "माझ्या बंदुकीला सत्तर चालतं" म्हणाला तर त्याच्या सत्तरवर सरळ उडी मारू नका, आपल्या मापाने खालून वर या. आणि एकदा माप सापडलं की हे पेटीत ठेवून द्या. कायमचं, न सरकणारं, एकाच आकाराचं माप करून घ्या.

मी तेच केलं. भुसावळला एका ओळखीच्या लेथवर सोळा मिलिमीटरचा पितळी गज लावला, बारा मिलिमीटरचं भोक पाडलं. ड्रिलच्या टोकाचा शंकू धरून खोली थोडी वाढवावी लागते. एकदम खोल नाही गेलो, थोडं पाडायचं, पाणी भरायचं, तोलायचं, पुन्हा थोडं. त्रेचाळीस मिलिमीटरच्या पुढेमागे ४.८६ आलं तेव्हा थांबलो. त्यावर 'पाच मासे' कोरलं. आबांची बांबूची नळी आता देवघराच्या फडताळात आहे, तिला तडा जायला लागला होता.

भाच्याला फोटो पाठवला. त्याला मोसमात एक हरीण मिळालं, चाळीस-पंचेचाळीस पावलांवर, एका गोळीत. त्याआधी दोन दिवस बर्फात नुसती वाटीतली दारू फुस्स झाली होती, तेही त्याने सांगितलं. मला पुढचं ऐकायचं नव्हतं, सौ.ने तर फोनच माझ्याकडे दिला. पण त्याने लगेच मागणी नोंदवली, मामा, माझ्यासाठीही एक न सरकणारं करा, सत्तरचं.

मी लिहिलं, अरे तुला जे लागतं ते माझ्या मापातलं सत्तर, खरं वजन छासष्ट. तुझ्या बंदुकीला छासष्टच आवडतं. वर काय कोरू?

तो म्हणाला, आत छासष्ट घाला, पण वर सत्तरच कोरा, क्लबमध्ये सगळ्यांना सत्तर सांगून बसलोय. अडतीस वर्षांच्या नोकरीत मी खोटा आकडा कशावर मारू दिला नाही. शेवटी सदतीस-अडतीस मिलिमीटरवर भोक थांबवलं, बुडाला बारीक अक्षरांत छासष्ट कोरलं आणि वर, त्याला दिसेल असं, सत्तर.